दवंडीवाली हौसा आणि आंधळा चितारी

एका राज्यात सुवर्णकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, प्रजा सुखी होती, आणि राजाच्या पदरी सात राजकवी होते. सातही जण दिवसभर बोलत. राज्यात पीडा म्हणाल तर एवढीच.

एके दिवशी कुशावर्त नावाचा मांत्रिक दरबारात आला. त्याच्या खांद्यावर एक भिंत होती, घोंगडीसारखी चार पदरी घडी घातलेली. त्यानं ती सभामंडपाच्या टोकाला उलगडली, दोनदा झटकली आणि उभी केली. भिंत पांढरीस्वच्छ होती. तिच्यावर ना रेघ, ना डाग.

“महाराज,” मांत्रिक म्हणाला, “हिच्यात एक चितारी राहतो. तो जन्माचा आंधळा आहे, जग त्यानं पाहिलेलं नाही. त्याला आहेत ते नुसते कान. तुम्ही सांगाल ते तो काढील. काढलेलं हलेल, चालेल, भिंतीतून उतरून तुमच्यापाशी येईल. सूर्य मावळला की विरेल.”

“आणि मोल?”

“मोल नाही, पथ्य आहे. जिवंत माणूस या भिंतीत जाऊ देऊ नका. माणूस आत असेतो एकही चित्र विरायचं नाही. आणि महाराज, बोलताना जपा.”

राजा हसला. “आमच्या पदरी सात राजकवी आहेत.”

“म्हणूनच म्हटलं,” असं म्हणून मांत्रिक दिसेनासा झाला.

शुभारंभाला पुरोहित पुढं झाले आणि म्हणाले, “नारळ वाढवा.” आता आपल्याकडं नारळ कुणी फोडत नाही, वाढवतात. हे तुम्हांआम्हांला ठाऊक. भिंतीतल्याला कोण सांगणार? भिंतीवर एक नारळ उमटला आणि वाढू लागला. वाढत वाढत तो रथाएवढा झाला, धप्पकन खाली उतरला आणि पूर्वेच्या दारात जाऊन अडकला. मग राजानं अमाप सोनं मागितलं. सोन्याची रास आली. पण ते तराजूत घातलं तर पारडं हलेना, मुठीत धरलं तर बोटांतून निसटे, पेटीत भरलं तर पेटी रिकामीच्या रिकामी. ज्याला माप नाही ते पेटीत मावायचं कसं? ज्यानं हात लावला त्याच्या हाताला नुसती चकाकी लागली, आणि ती धुतल्यानं जाईना.

राजाचं लग्न व्हायचं होतं. थोरले राजकवी रसराज यांनी घसा साफ केला. “चंद्रमुखी, कमलनयना, सिंहकटी, गजगामिनी अशी राणी यावी!”

आली. तिचं तोंड वाटोळं, पांढरं, मधूनमधून खड्डे पडलेलं होतं आणि त्यातून गार उजेड पडत होता. डोळ्यांच्या जागी दोन कमळं होती, त्यांवर दोन भुंगे. कंबरेला आयाळीसारखे केस. तिनं पाऊल टाकलं की फरशी तडकायची. बिचारीचं राजावर मनापासून प्रेम होतं, आणि हीच खरी अडचण होती. राजा सिंहासनामागं जाऊन ओरडला, “नको! ही राणी नको!” तशी भिंतीतून दुसरी उतरली. तो आणखी मोठ्यानं ओरडला, तेव्हा तिसरी.

तरी सगळे निर्धास्त होते. दिवस मावळला की सारं विरणारच होतं.

पण दिवस मावळायच्या आधी एक गोष्ट घडली. सभामंडप झाडणारा धोंडिबा नावाचा एक माणूस होता. अबोल, सरळ माणूस. त्यानं नेहमीची झाडलोट केली, नवी भिंत ओल्या फडक्यानं पुसली, आणि घरी निघताना भिंतीला हात टेकून म्हणाला, “बरं, येतो.”

दरबारातले मोठे लोक भिंतीचा निरोप न घेताच गेले होते. रीत पाळली ती एकट्या धोंडिबानं. निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे त्याला आईनं शिकवलं होतं. चिताऱ्यानं ते ऐकलं. येतो म्हणतोय तर येऊ दे बापडा, म्हणून भिंत उघडली आणि धोंडिबा आत गेला.

त्या संध्याकाळी एकही चित्र विरलं नाही.

आता हौसाकडं वळू. हौसा ही धोंडिबाची बायको आणि गावची दवंडीवाली. बाप दवंडी पिटायचा. तो गेल्यावर हलगी हिच्या गळ्यात आली. राजाचे हुकूम सांगायचेच, पण तिचं खरं नाव झालं होतं ते हरवलेल्या गुरांसाठी. कुणाची गाय चुकली की मालक धावत यायचा आणि गायीची स्तुती सुरू करायचा: लक्ष्मी आहे हो, पोटच्या लेकीसारखी आहे. हौसा ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “लक्ष्मी तर सगळ्यांचीच असते. खूण सांग.” मग शिंग, शेपटी, कपाळावरचा टिळा, मागच्या पायाचा पांढरा खूर असं एकेक ती काढून घ्यायची. तिची दवंडी ऐकून परगावचा माणूस, ज्यानं ती गाय जन्मात पाहिली नाही, तोही शंभर गायींतून ती बरोबर दाव्याला धरून आणायचा.

धोंडिबा तीन दिवस घरी आला नाही. चौथ्या दिवशी सकाळी हौसानं चूल पेटवलीच नाही. हलगी गळ्यात घातली आणि ती थेट राजवाड्यात गेली. वाटेत नारळ आडवा आला, त्याला वळसा घालून गेली.

“कोण तू?” राजानं विचारलं. तो पार थकला होता. तीन राण्या त्याच्या तीन बाजूंना उभ्या होत्या.

“दवंडीवाली हौसा, महाराज. गावाचं हरवलेलं मी शोधते. आता माझाच माणूस हरवलाय आणि तो तुमच्या भिंतीत आहे असं ऐकते.”

“त्याला सोडवायचा सात कवींनी सात दिशांनी प्रयत्न केला, पण चिताऱ्याच्या कसोटीलाच एकही उतरला नाही. तुझ्यानं होईल?”

“त्यांनी त्याला कधी पाहिलाय का?”

कवी एकमेकांकडं बघू लागले. रोज ज्यानं त्यांच्या पायांखालची सतरंजी झटकली, तो काळा की गोरा हे एकालाही सांगता येईना.

“होईल माझ्यानं,” हौसा म्हणाली.

तिनं भिंतीवर हलगीची थाप मारली. आतून खोल, शांत आवाज आला. “कोण आहे?”

“हौसा. माझा माणूस आत आहे. बाहेर दे.”

“आहे खरा एक. मला त्याचा नुसता श्वास ऐकू येतो. तू सांगशील तसा मी त्याला काढीन आणि तसाच तो बाहेर येईल. खोटं सांगितलंस तर खोटा येईल, मग तो तसाच राहील. म्हणून आधी माझ्याकडून तीन गोष्टी काढवून घे. एक उभी वस्तू, एक जागा आणि एक चाल. तिथं चुकलीस तर हसण्यावारी जाईल. माणसाच्या बाबतीत हसता यायचं नाही.”

हौसाला त्याचं म्हणणं पटलं. खोटं कशाला बोलावं, चितारी तिला आवडलाच. दरबारात नीट बोलणारा तोच एक भेटला होता.

“उभी वस्तू,” ती म्हणाली. हे तर तिचं रोजचंच काम. “ऐका हो ऐका! गाय तांबडी, कपाळावर पांढरा टिळा, उजव्या कानाला खाच. शिंग मोडकं नाही, गाय मारकी नाही हो!”

भिंतीवर तांबडी गाय उमटली. टिळा होता, खाच होती. आणि डावं शिंग मोडकं होतं. गायीनं मान खाली घातली, फुसकारली आणि सरळ राजकवींवर चालून गेली. रसराज खांबावर चढले. या वयात ते खांबावर चढू शकतील असं कुणाला वाटलं नव्हतं.

“अगं, ‘नाही’ कशाला म्हणालीस?” वरून कुणीतरी बोललं. हौसानं पाहिलं, तर कमानीवर एक साळुंकी बसली होती. तिला तीन पाय होते.

“तू कोण?”

“मी तिपाई. परवा एका कवीनं गोड गळ्याची साळुंकी मागितली. पायांचं काही बोलला नाही. चिताऱ्यानं आपल्या मनानं तीन दिले. मी त्या भिंतीतूनच आले आहे, तिची रीत मला विचार. चिताऱ्याला ‘नाही’ कळत नाही. ‘नाही’ दिसतं कसं, सांग बघू? शिंग मोडकं नाही म्हटलंस, त्यातलं मोडकं शिंग त्यानं काढलं. महाराजांना तीन राण्या झाल्या त्या अशाच.”

राजानं कपाळाला हात लावला.

हौसा मात्र खट्टू झाली नाही. चूक कळली म्हणजे निम्मं काम झालं. तिनं पुन्हा थाप मारली. “गाय तांबडी, कपाळावर पांढरा टिळा, उजव्या कानाला खाच. शिंगं दोन्ही अखंड, टोकं आत वळलेली. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले, उभ्या उभ्या रवंथ करते आहे.”

तशीच गाय उतरली आणि रवंथ करीत उभी राहिली. तिला बघून मारकी गायही शांत झाली. रसराज मात्र खांबावरच राहिले.

“आता जागा,” चितारी म्हणाला. “तुझं घर दाखव.”

तीन दिवसांत हौसानं त्या घरात धड डोळा मिटला नव्हता. घराचं नाव काढताच तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि रडवेलं माणूस जसं बोलतं तसंच ती बोलली. “आमचं घर छोटं आहे, पण फार सुंदर आहे. मायेचं आहे.”

भिंतीवर धुकं पसरलं. धुक्यात काहीतरी होतं, पण काय ते कुणाला सांगता आलं नसतं.

“सुंदर म्हणजे कोणत्या रंगाचं?” चिताऱ्यानं विचारलं. “माया भिंतीला असते की छपराला?”

हौसाला स्वतःचीच लाज वाटली. गायीच्या मालकांना आपण जे बोलतो, तेच आज ऐकायची पाळी आली. तिनं डोळे पुसले.

“विचार मला,” ती म्हणाली. “मी मालकांना विचारते तसं.”

“तू कुठं उभी आहेस?”

“उंबऱ्यात. तोंड आत.”

“उजेड कुठून?”

“समोरच्या भिंतीत हातभर खिडकी आहे, तिथून. सकाळचा. चुलीच्या धुरातून तिरपा येतो आणि पाण्याच्या हंड्यावर पडतो. हंडा तांब्याचा, एका अंगाला पोचा. जमीन सारवलेली, बोटांचे वळसे दिसतात. खुंटीवर घोंगडी.”

“आणि परसात काय आहे?”

“उंबऱ्यातून परस दिसत नाही.”

“मग ते मला नको. जे तुझ्या जागेवरून दिसतच नाही, त्याला मी हात लावत नाही. ते जसं असेल तसं राहतं. पण दिसत असून सांगितलं नाहीस, तर मात्र मी मनचं भरतो.”

“आणि त्याचं मन हे असं आहे,” तिपाईनं तिसरा पाय उचलून दाखवला.

धुकं विरलं आणि भिंतीत हौसाचं घर उभं राहिलं. धूर तिरपा होता, हंड्यावर ऊन होतं, खुंटीवर घोंगडी होती. घर अगदी खरं होतं आणि त्यात माणूस नव्हतं. हौसाला रडू आलं ते तिनं येऊ दिलं, आणि मग पदरानं नाक पुसून म्हणाली, “पुढचं सांग.”

“चाल.”

एवढ्यात दुसऱ्या क्रमांकाचे राजकवी पुढं सरसावले. बाईमाणसाचं जमतंय आणि आपलं जमत नाही, हे त्यांना सोसवेना. “अश्व धावतो, वळतो, खिंकाळतो, उसळतो, टापा आपटतो, वाऱ्यावर स्वार होतो!” घोडा आला. त्यानं हे सगळं एकदम करायला घेतलं आणि चारही पायांची वेणी पडून तो दरबाराच्या मधोमध बसला. पागेतले दोन मोतद्दार ती वेणी सोडवत बसले.

हौसानं क्षणभर विचार केला. “बसलेली म्हैस,” ती म्हणाली. “मी तिच्या डाव्या अंगाला, चार हातांवर. ती उठते आहे. घाई नाही…” तिनं जीभ चावली. “सावकाश. आधी मागचे पाय ताठ होतात, ढुंगण वर जातं, पुढचे गुडघे अजून जमिनीला. तशीच थोडी थांबते. मग पुढचा एक पाय, मग दुसरा. उभी राहते आणि शेपटी एकदा डावीकडं मारते. संपलं.”

भिंतीत म्हैस उठली. मागचे पाय, थांबणं, पुढचे पाय, शेपटीचा एक फटका. सगळ्यांनी जन्मभर म्हशी पाहिल्या होत्या, पण म्हैस कशी उठते हे आज पाहिलं.

“अशी उठते होय!” चितारी आनंदानं म्हणाला. “हौसाबाई, तुझं बोलणं मला दिसतं. आता तुझा माणूस सांग.”

तिन्ही कामं झाली होती. हौसानं हलगी सावरली. आपल्याला येतं हे तिला ठाऊक होतं, आणि आता सगळ्या दरबाराला ठाऊक झालं होतं. ती मोठ्या ऐटीत म्हणाली, “तर आमचे हे…”

“हे म्हणजे कोणतं?” चिताऱ्यानं विचारलं.

“हे म्हणजे… हे.”

“हाताशी असेल ते सगळं ‘हे’. मी कोणतं काढू?”

हौसा अडली. बारा वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. लग्नात घेतलं असेल तेवढंच. भर दरबारात नवऱ्याचं नाव घ्यायचं, तेही राजकवींपुढं! तिचे कान तापले. पण काम अडलं तर लाजून चालत नाही. तिनं पदर डोक्यावर ओढला, मान खाली घातली आणि उखाणा घेतला:

“गाईगुरांच्या शोधापायी पालथं घातलं गाव,
भिंतीपुढं राहून उभी धोंडिबांचं घेते नाव.”

दरबारात कुणीतरी “वाहवा” म्हणालं. भिंत थरथरली, आणि तिच्यातून एक भला मोठा धोंडा गडगडत बाहेर आला.

हौसानं धावत जाऊन धोंड्याला हात लावला. गार, खडबडीत. “अहो!” ती हाका मारू लागली. “अहो!”

“तो आतच आहे,” चितारी म्हणाला. “तू धोंडा मागितलास, मी धोंडा दिला. असलं नाव माणसाला कशाला ठेवतात?”

“आधीची दोन मुलं गेली होती सासूबाईंची,” हौसा धापा टाकीत म्हणाली. “हा तरी दगडासारखा टिकावा म्हणून ठेवलं.”

“नाव राहू दे. तो कसा दिसतो ते सांग. तू भिंतीपुढं उभी आहेस. तो तुझ्याकडं चालत येतो आहे. तोंड समोर. सांग.”

हौसानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

धोंडिबाचं तोंड तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ताटावर वाकलेलं ठाऊक होतं. झोपलेलं ठाऊक होतं. चुलीच्या उजेडातलं अर्धं तोंड ठाऊक होतं. पण समोरून, उजेडात, तिच्याकडं चालत येणारा धोंडिबा? सकाळी तो घराबाहेर पडायचा तेव्हा तिला त्याची पाठ दिसायची. संध्याकाळी ती दवंडी पिटून परतायची तेव्हा तो आधीच घरी आलेला असायचा. बारा वर्षांत तिनं त्याला येताना पाहिलंच नव्हतं. चालताना त्याची नजर कुठं असते? ओठ मिटलेले असतात की उघडे? शंभर गायींच्या खुणा तिच्या जिभेवर होत्या, आणि आपल्या माणसाची एक खूण तिला सांगता येईना. असं वाईट तिला आयुष्यात वाटलं नव्हतं.

“काहीही सांगून टाक,” खांबावरून रसराज म्हणाले. “तेजस्वी म्हण. प्रसन्नवदन म्हण. कोण बघायला गेलंय?”

“मी बघणार आहे,” हौसा म्हणाली. “गुराची खोटी खूण सांगितली की दुसऱ्याचंच जनावर दावणीला येतं. मला दुसऱ्याचा नवरा नको.”

ती बराच वेळ हलगीच्या कडेवरून बोट फिरवीत उभी राहिली. मग तिनं विचारलं, “चितारीबाबा, मी जिथं उभी, तिथून तू काढतोस ना?”

“तिथूनच.”

“आणि मला जे दिसत नाही त्याला हात लावत नाहीस?”

“नाही.”

“मग मला आत घे. मी त्याच्या मागं उभी राहते. जाताना तो कसा दिसतो हे माझ्याइतकं जगात कुणाला ठाऊक नाही.”

राजा उठून उभा राहिला. “बाई, तो बाहेर येईल. तुला कोण बाहेर काढील?”

“ते तो बाहेर आल्यावर बघू. गाय बुडत असली की आधी गाय काढावी, दावं मग शोधावं.” तिनं भिंतीला हात टेकला आणि मुद्दाम, स्पष्ट म्हणाली, “येते.”

भिंत उघडली.

आत काळोख होता. काळोखात एक श्वास होता, आणि तो तिनं लगेच ओळखला.

“तू कशाला आलीस?” धोंडिबाचा आवाज आला.

“न्यायला. बोलू नका. जसे सकाळी निघता तसे निघा.”

“वाट दिसत नाही.”

“मी सांगते तशी दिसेल.” आणि हौसा सांगू लागली. दवंडीचा चढा आवाज तिनं लावला नाही, घरातला लावला. “मी उंबऱ्याच्या आत, त्यांच्या मागं चार पावलांवर. उजेड समोरून, सकाळचा, त्यांच्या कडेनं आत येतो. पाठ रुंद. उजवा खांदा डाव्याहून बोटभर खाली, कावड वाहून वाहून. मान आखूड, मानेवर केसांचा एक भोवरा. अंगात पांढरी बंडी, डाव्या काखेत ठिगळ. ठिगळ निळं. तेव्हा घरात निळंच फडकं होतं. धोतर गुडघ्याच्या जरा खाली. पायांत काही घातलेलं नाही…” ती थबकली आणि सावरली. “पाय अनवाणी. टाचांना भेगा, डाव्या टाचेची मोठी. ते निघतात. पाऊल आधी डावं. घाई करणाऱ्याचं नव्हे… सावकाश पडतं, पूर्ण टेकतं. दार उंच आहे, तरी ते मान लववतात. लववून बाहेर जातात.”

ती सांगत गेली तसतसा काळोखात उजेड आला आणि उजेडात पाठ आली. भोवरा, ठिगळ, भेगा. हौसा बघत राहिली. त्यानं डावं पाऊल टाकलं, मान लववली आणि तो बाहेर गेला. मग पुन्हा काळोख झाला.

बाहेर एकच कल्ला उठला. तिला सगळं ऐकू येत होतं.

“आला! सबंध आला!” हा राजा होता.

“दोन कान, दोन डोळे, मी मोजले!” ही तिपाई.

“पण राण्या अजून इथंच आहेत.” पुन्हा राजा.

“कारण आत अजून जिवंत माणूस आहे,” चितारी म्हणाला. “आता तिला कोण सांगतं?”

काळोखात हौसाला पहिल्यांदा भीती वाटली. धोंडिबा अबोल माणूस. बारा वर्षांत त्यानं सलग चार वाक्यं बोललेली तिनं ऐकली नव्हती.

“गजगामिनी म्हण,” रसराजांचा आवाज आला. “निदान सुवर्णकांती तरी म्हण.”

“तुम्ही गप्प बसा,” धोंडिबा म्हणाला. राजकवींना असं बोललेलं दरबारात कुणी ऐकलं नव्हतं. मग त्यानं घसा खाकरला.

“मी आमच्या ओट्यावर बसलोय,” तो म्हणाला. “दिवेलागणीची वेळ. उजेड माझ्या मागून, टेकडीकडून, तांबूस. ती वाटेनं येतेय, माझ्याकडं तोंड करून. बुटकी आहे. रंग सावळा, नाकावर धूळ. लुगडं हिरवं, विटलेलं, ओचा एका बाजूनं सुटलेला. हलगी डाव्या खांद्यावरून पोटावर आलेली. उजव्या वहाणेचा अंगठा तुटलाय, म्हणून तो पाय जरासा ओढते. तिला सांगितलं शिवून घे, घेत नाही. ओठ हलतात. उद्याची दवंडी घोकत असते. केसाची एक बट तोंडात आलेली, ती फुंकून उडवते, ती परत येते.”

हौसा आत श्वास रोखून ऐकत होती. तिच्या अंगावर त्याच्या शब्दांबरोबर उजेड चढत होता. पायावर, लुगड्यावर, हातांवर.

“वडापाशी आली की तिला आमच्या चुलीचा धूर दिसतो,” धोंडिबा म्हणाला. “मग ओठ थांबतात. भुवया सैल पडतात. आणि ती हलगीवर एक बोट मारते. एकच, हळू. तो आवाज मला ओट्यावर ऐकू येतो, आणि मी उठून भाकरी तव्यावर टाकतो.”

ते एक बोट हौसाच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती ते मारायची हे तिला स्वतःलाच धड ठाऊक नव्हतं, आणि तो बारा वर्षं त्या आवाजावर भाकरी टाकीत आला होता. तिला हसू आलं आणि रडू आलं, दोन्ही एकदम. ओठ थांबले. भुवया सैल पडल्या. तिचं बोट हलगीवर पडलं, आणि ती भिंतीतून बाहेर पाऊल टाकून आली.

त्याच घडीला जे जे खोटं होतं ते विरलं. नारळ मूठभर झाला. सोन्याची रास वाऱ्यावर उडाली आणि लोकांचे हात स्वच्छ झाले. तिन्ही राण्यांनी राजाकडं एकदा कमळभरल्या डोळ्यांनी पाहिलं आणि चांदणं ओसरावं तशा त्या ओसरल्या. राजाला सुटल्यासारखं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं, हे त्यानं नंतर कबूल केलं. नीट, खऱ्याखऱ्या सांगितलेल्या गोष्टी तेवढ्या राहिल्या, सूर्य मावळल्यावरही: एक रवंथ करणारी गाय आणि एक म्हैस. तिपाई राहिली, पण तिचा तिसरा पाय गेला. पुढं कितीतरी दिवस ती कमानीवर बसताना एका बाजूला कलंडायची आणि चिताऱ्याला बोल लावायची.

“माग,” राजा म्हणाला. “हवं ते माग.”

“मला माझं मिळालं, महाराज. एक हुकूम तेवढा काढा. यापुढं ज्याला या भिंतीपुढं तोंड उघडायचं असेल, त्यानं आधी वर्षभर माझ्यामागं हिंडून हरवल्या गुरांची दवंडी पिटावी.”

हुकूम निघाला. सात कवींपैकी पाच जणांनी कविता सोडली. उरलेले दोघं वर्षभर उन्हातान्हात हिंडले, आणि म्हणतात की पुढं त्यांनी बरं लिहिलं. सभामंडप झाडायचं काम धोंडिबाकडंच राहिलं. भिंत पुसून झाली की तो चिताऱ्याला रोज एक गोष्ट सांगायचा, आज पाहिलेली, आणि आंधळा चितारी ती मन लावून काढायचा.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी दोघं राजवाड्यातून निघाली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. गावाच्या वेशीशी आल्यावर हौसा थांबली.

“अहो, जरा पुढं जा,” ती म्हणाली. “त्या वडापर्यंत.”

“का?”

“जा तर. तिथून वळा आणि माझ्याकडं चालत या.”

धोंडिबानं इकडंतिकडं पाहिलं. वेशीत चार माणसं बसली होती. “लोक बघतील.”

“बघू देत. मलाही बघायचंय.”

तो गेला. वडापाशी वळला आणि अवघडून, सावकाश, तिच्याकडं चालत येऊ लागला. हौसा रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, पदर मागं सारला, आणि त्याच्या तोंडावरची नजर तिनं हलवली नाही. त्याचे डोळे उन्हानं बारीक झाले होते. डावी भुवई उजवीहून दाट होती. निम्म्या वाटेवर तो हसला, तेव्हा त्याचा एक दात किंचित पुढं दिसला. हे सगळं तिनं मनात नीट लावून ठेवलं.

तो समोर येऊन उभा राहिला. “झालं बघून?”

“नाही,” हौसा म्हणाली. “परत जा. पुन्हा या.”

आणि तो पुन्हा गेला. वेशीत बसलेले म्हातारे सांगत की त्या दुपारी धोंडिबानं वडापर्यंत सात फेऱ्या घातल्या. सांगणाऱ्यानं सांगितलं ते इथं संपलं. ऐकणाऱ्यांनी आता उठावं आणि घरी आपापलं माणूस कसं दिसतं ते एकदा उजेडात बघून घ्यावं.